नकाशात नसलेली खोली

जुने घर दाखवताना विक्रेता ज्या भागाचे सर्वांत अधिक कौतुक करतो, तो भाग पुष्कळदा मूळ बांधकामात नसतोच. गच्चीवरची खोली, बाल्कनी आत घेऊन ऐसपैस केलेला हॉल, मागच्या मोकळ्या जागेत काढलेले स्वयंपाकघर, यांमुळेच घर मनात भरते आणि किंमतही यांच्यामुळेच चढलेली असते. मी बांधकाम क्षेत्रात असल्यामुळे ओळखीचे लोक घर पाहायला जाताना मला सोबत नेतात. मी मंजूर नकाशा मागितला की समोरच्याचा चेहरा जरासा उतरतो आणि मग ठरलेले उत्तर येते, "अहो, इथे सगळ्यांनीच वाढवले आहे." सगळ्यांनी वाढवले असेलही, नोटीस मात्र घर ज्याच्या नावावर आहे त्याला येते, आणि खरेदीखत झाल्यावर ते नाव तुमचे असते.

खरेदीखताची नोंदणी झाली की बांधकामही अधिकृत होते, असा एक समज आहे. नोंदणीने मालकी बदलते. बांधकामाच्या परवानगीशी तिचा संबंध नाही. कराच्या पावतीचेही तेच. जे उभे आहे त्यावर कर लागतो, पण ते परवानगी घेऊन उभे राहिले आहे का, याची शहानिशा कर लावताना होतेच असे नाही. त्यामुळे विक्रेत्याने पावत्यांची जाड फाइल पुढे केली, तरी तिच्यावरून वाढीव खोली कायदेशीर ठरत नाही. पाहायचा तो मंजूर नकाशा आणि बांधकाम त्याप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला. शक्यतो परवानगी देणाऱ्या कार्यालयातूनच नकाशाची प्रमाणित प्रत काढावी आणि ती हातात घेऊन टेपने खोली न् खोली मोजावी.

प्रत मिळेपर्यंत घरही बरेच काही सांगते. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जावे म्हणून बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. फरशी न बदलता ती आत घेतलेली असेल, तर जमिनीवर ठेवलेली गोटी आपसूक बाहेरच्या भिंतीकडे जाते. न्हाणीघराची खिडकी दुसऱ्या एखाद्या खोलीत उघडत असेल, तर ती खोली पूर्वी उघडी जागा होती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जुनी आणि नवी भिंत जिथे मिळतात तिथे एक सरळ उभी भेग रंग देऊनही पुन्हा डोके वर काढते, कारण दोन्हींचे पाये वेगळे असतात आणि ते सारखे खचत नाहीत.

मला मात्र कागदांपेक्षा वजनाची धास्ती अधिक वाटते. राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब करताना माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरण्याची पद्धत आहे. आता साडेचार इंची विटांची, ३ मीटर उंचीची भिंत घ्या. तिच्या एक मीटर लांबीचेच वजन, प्लास्टर सोडूनही, साडेसहाशे किलोंच्या आसपास भरते, आणि ही भिंत चढवली जाते ती बाल्कनीच्या अगदी कडेला. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असल्यामुळे कडेवरचे वजन तिला सर्वांत जड जाते. ताण स्लॅबच्या वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळ्याही तिथेच असतात आणि भेग पडली तर तीही वरूनच, मूळ भिंतीलगत पडते. नेमक्या त्याच जागेवर नवी चकचकीत टाइल बसवलेली असते.

सोल शहरातील साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरचा मूळ आराखडा चार मजल्यांचा होता. त्यावर पाचवा मजला चढला, गच्चीवर वातानुकूलनाची अवजड यंत्रे आली, शिवाय खांबही पुरेसे जाड नव्हते. १९९५ मध्ये ती इमारत कोसळून ५०२ माणसे गेली. ढाक्याजवळच्या साव्हारमधील राणा प्लाझा २०१३ मध्ये पडली आणि १,१०० हून अधिक लोक दगावले. तिचेही वरचे मजले परवानगीविना बांधलेले होते. गच्चीवरच्या एका खोलीसाठी हे दाखले फार मोठे वाटतील, हे मान्य आहे. पण कॉलमचा हिशेब झाल्यावर वरचे वजन वाढवले, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

कर्ज घेणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण असते. बँकेचा मूल्यांकनकार वाढीव भाग हिशेबात धरायला सहसा तयार नसतो, त्यामुळे ऐनवेळी रक्कम कमी पडते आणि दिलेला विसार अडकून बसतो.

एवढे कळूनही घर सोडवत नसेल, तर वाढीव भाग नियमित करून देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकावी आणि ते काम खरेदीखतापूर्वी पूर्ण व्हावे, अशी अट करारात लिहून घ्यावी. मोकळी सोडायची जागाच बांधकामाने व्यापलेली असेल, तर ते नियमित होणे सहसा अवघड असते. अशा वेळी नकाशातील क्षेत्रफळाचीच किंमत ठरवून त्यातून पाडकामाचा खर्च वजा करावा. "पुढे काही झाले तर मी भरून देईन" हे विक्रेत्याचे हमीपत्र वकिलाने कितीही पक्के लिहिले, तरी पुढे तो सापडेल आणि त्याच्याकडे पैसे असतील, याची सोय त्यात नसते. त्यापेक्षा ठरलेल्या किमतीचा काही भाग नियमित झाल्याचा कागद हाती येईपर्यंत राखून ठेवावा, आणि विसाराची रक्कम देण्यापूर्वीच हे सारे बोलून घ्यावे.