जागलीवरचा आयपॉड टच

"भाऊ, फोन असल्यावर हे अजून कायले पाह्यजे?" माझ्या सदऱ्याच्या खिशातला आयपॉड टच पाहून गावात हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. दोन्ही यंत्रे दिसायला सारखीच, काचेचा पडदा दोघांनाही आहे आणि गाणीही दोन्हींवर वाजतात. तरीही यवतमाळ जिल्ह्यात कापूस, तूर आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला गाण्यांसाठी वेगळे यंत्र का लागते, आणि ते इथल्या हवेत कसे सांभाळावे लागते, हे एकदा सविस्तर लिहावे असे मनात होते.

हंगामात फोन हा कामाचा असतो. मोटारीच्या ऑटो स्टार्टरचा निरोप त्यावर येतो, मजुरांच्या मुकादमाचा येतो, जिनिंगवर गाडी खाली झाल्याचाही येतो. रात्री ओलिताची पाळी असली आणि मध्येच लाईन गेली, तर त्याच फोनच्या उजेडात बांध ओलांडावे लागतात. अशा फोनची बॅटरी गाण्यांवर संपवणे मला पटत नाही. शिवाय ऑनलाइन गाणी ऐकायची तर नेटवर्क हवे, आणि आमच्या शिवारात ते विहिरीच्या काठावर मिळते व नाल्याच्या उतारावर नाहीसे होते. आयपॉड टचला सिमकार्डच नाही. गाणे यंत्राच्या आत साठवलेले असते, त्यामुळे भजन ऐन रंगात आले असताना तुटत नाही, त्यात जाहिरात घुसत नाही आणि कोणाचा कॉल येऊन सूर मोडत नाही.

या यंत्राची वंशावळ थोडक्यात सांगतो. ॲपल कंपनीचा पहिला आयपॉड 23 ऑक्टोबर 2001 रोजी जाहीर झाला. त्यात 5 जीबीची हार्ड डिस्क होती आणि यादी वर-खाली नेण्यासाठी समोर गोल चाक होते. 5 सप्टेंबर 2007 रोजी आयपॉड टच आला, तेव्हा चाक जाऊन त्या जागी साडेतीन इंचांचा स्पर्शपडदा आला. आतला स्पीकर 2008 मध्ये, तर कॅमेरा 2010 मध्ये मिळाला. माझ्याकडे आहे ती सातवी पिढी 28 मे 2019 रोजी बाजारात आली. तिचा पडदा चार इंचांचा, वजन अवघे 88 ग्रॅम, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे इअरफोनचे साडेतीन मिलिमीटरचे भोक तिच्यात शाबूत आहे. 10 मे 2022 रोजी कंपनीने ही मालिका बंद करत असल्याचे जाहीर केले.

स्पर्शपडद्याचे खरे मोल मला मराठीमुळे कळले. बटणांच्या स्वस्त एमपी3 प्लेअरवर देवनागरी नावे चौकोनांच्या रांगेसारखी दिसत, आणि अभंग कोणता व लावणी कोणती हे वाजवून पाहिल्याशिवाय समजत नसे. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एमपी3 फाइलमध्ये गाण्याचे नाव आणि गायकाचे नाव ज्या टॅगमध्ये लिहिलेले असते, त्याच्या जुन्या पद्धतीत नावासाठी फक्त 30 बाइट जागा होती आणि ती रोमन अक्षरे गृहीत धरून ठेवलेली होती. सगळ्या लिप्यांसाठी असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, काना-मात्रा-वेलांटीलाही वेगळे लागतात. म्हणजे 30 बाइटमध्ये जेमतेम दहा चिन्हे मावतील. टॅगच्या नंतरच्या आवृत्तीत ही अडचण राहिली नाही, पण ते वाचून जोडाक्षर नीट मांडणारे यंत्रही हवे. आयपॉड टच ते नीट मांडतो, आणि त्यात मराठी कळफलक असल्यामुळे "खंजिरी" असे लिहून शोधताही येते. हिवाळ्याच्या रिकाम्या संध्याकाळी संगणकावर एमपी3टॅग या मोफत प्रोग्रॅममध्ये बसून मी माझ्या संग्रहाची नावे देवनागरीत भरली. हे काम कंटाळवाणे आहे, तरी करावेच. ज्या संग्रहात नेमके गाणे सापडत नाही तो संग्रह असून नसल्यासारखाच.

साठवणुकीचे गणित सोपे आहे. 256 केबीपीएस (सेकंदाला 256 किलोबिट) दर्जाच्या गाण्याला मिनिटाला सुमारे 2 एमबी लागतात, म्हणून 32 जीबीच्या यंत्रात प्रणालीची जागा सोडूनही 150 तासांची गाणी सहज बसतात. कीर्तन आणि भाषण यांना 64 केबीपीएसची एकेरी वाहिनी (मोनो) पुरते. तासाला जेमतेम 29 एमबी. गाणी भरण्यासाठी मात्र विंडोज संगणकावर आयट्यून्ससारखा कंपनीचाच प्रोग्रॅम लागतो, पेनड्राइव्हसारखी फाइल ओढून टाकता येत नाही. या एका गोष्टीसाठी मी हे यंत्र सगळ्यांनाच सुचवत नाही.

आता शेतातल्या वापराबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. हा पडदा दाबाने चालत नाही. काचेखाली विजेचा वाहक पण पारदर्शक असा पातळ थर असतो, आणि बोट टेकले की तिथला विद्युतभार बदलतो. तो बदल यंत्र ओळखते. पाणी आणि घामही वीज वाहून नेतात, त्यामुळे पावसाचा थेंब पडला की पडदा भलतीच यादी उघडतो, आणि फवारणीचे रबरी हातमोजे घातलेले बोट तर त्याला कळतच नाही. सावलीशिवाय दुपारी पडद्यावर काही दिसत नाही. म्हणून शेतात मी पडद्याला हात लावायचे टाळतो आणि इअरफोनच्या तारेवरच्या बटणावर काम भागवतो. एकदा दाबले की गाणे थांबते किंवा सुरू होते, दोनदा दाबले की पुढचे लागते, तीनदा दाबले की मागचे. घरी सगळी यादी आधी लावून घ्यायची, प्लेअर प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून खिशात ठेवायचा आणि चिखलाच्या हातांना फक्त बटण द्यायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतात. ते कोरड्या मऊ ब्रशने काढावेत, टाचणी घालू नये.

उन्हाळा हा याहून मोठा शत्रू आहे. हे यंत्र 0 ते 35 अंश सेल्सिअसमध्ये वापरावे आणि बंद असताना 45 अंशांपर्यंत ठेवावे, असे कंपनीचे सांगणे आहे. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, यवतमाळ इथे सावलीतला पाराच 45 च्या आसपास जातो. मग टिनाच्या खोपडीत किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत काय होत असेल याची कल्पना करावी. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता उष्णतेने कायमची घटते, विशेषतः ती पूर्ण भरलेली असताना. म्हणून उन्हाळ्यात मी ती अर्धीच भरलेली ठेवतो, चार्जिंग पहाटे करतो आणि दुपारी प्लेअर घरातल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवतो. गाणी त्या काळात रात्रीच ऐकायची.

आणि आमच्याकडे रात्र म्हणजे जागल. रानडुकरांचे कळप एका रात्रीत हरभऱ्याचा तुकडा उलथून टाकतात, म्हणून मचाणावर बसावे लागते. तिथे इअरफोन एकाच कानात घालावा असे मी तरुण पोरांना आग्रहाने सांगतो. दुसऱ्या कानाने शिवार ऐकायचे असते, आणि मचाणावरून उतरताना पायाखालची सळसळही. एकाच कानात ऐकायचे तर सेटिंगमधून मोनो (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) चालू करावे, नाहीतर दुसऱ्या बाजूचे वाद्य हरवते. आवाजाची कमाल मर्यादाही तिथेच बांधता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तासांपेक्षा जास्त ऐकू नये. थ्रेशरजवळ उभे राहून गाणे ऐकू येईपर्यंत आवाज वाढवणे म्हणजे कानाचे कायमचे नुकसान आहे. तिथे प्लेअर बंदच ठेवावा.

या यंत्रात मायक्रोफोनही आहे, आणि माझ्या मते यंत्राचा सर्वांत मोलाचा उपयोग ध्वनिमुद्रणाचाच. पोळ्याला तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर चालणारी भुलाबाईची गाणी, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेनंतरची खंजिरी भजने आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यावर ध्वनिमुद्रित केल्या आहेत. यातले बरेच कुठल्याही गाण्याच्या ॲपवर मिळणार नाही, कारण दर गावाच्या झडत्या निराळ्या असतात आणि म्हणणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटही मी संगणकात उतरवल्या. हे काम घाईने होत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटेच लागतात. टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये आधी आकार न घटवलेली मोठी फाइल करून ठेवावी, जी तासाला सुमारे 635 एमबी होते, आणि ऐकण्यासाठी तिचा एमपी3 करावा. मूळ फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत असाव्यात.

सातव्या पिढीला आयओएस 15 च्या पुढची आवृत्ती मिळत नाही, त्यामुळे नवी ॲप्स हळूहळू त्यावर चालेनाशी होत आहेत. साठवलेली गाणी मात्र वाजतच राहतात. पुढचा प्लेअर घेताना मी मेमरी कार्डाची जागा आणि कडेला खरी बटणे असलेलाच घेईन. सोनीच्या वॉकमनमध्ये अँड्रॉइडवर चालणारे असे स्पर्शपडद्याचे प्रकार आहेत. जुना आयपॉड टच कोणी घेणार असेल, तर पडद्याची काच कडेने वर उचललेली नाही ना हे आधी पाहावे, कारण फुगलेली बॅटरी तिला आतून ढकलते. आणि आधीच्या मालकाने आपला ॲपल आयडी (कंपनीकडचे खाते) त्यातून काढल्याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करून घ्यावी, नाहीतर पुसून नव्याने लावलेले यंत्र त्याच्या पासवर्डशिवाय सुरूच होत नाही.