पायाची शीर हृदयाला

मामांची बायपास झाली, आज त्यांना आयसीयूतून वॉर्डात आणलं. छाती राहिली बाजूला, तक्रार सगळी पायाची! घोट्यापासून मांडीपर्यंत टाके. "दुखणं हृदयाचं, मग पाय कशाला फाडला रे?" म्हटलं, मामा, तिथलीच शीर काढून हृदयाला जोडलीय. "का, बाजारात नळी मिळत नाही?" पिंपळगावचे द्राक्षबागायतदार, ठिबक कोळून प्यायलेले. प्रश्न रास्तच होता.

मिळते की, पण मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी. महाधमनीला डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टरची नळी १९५०च्या दशकापासून बसवतात. अमेरिकेतले हृदयशल्यविशारद डॉ. मायकेल डिबेकींनी तर ती बायकोच्या शिलाई मशीनवर शिवली होती! हृदयाच्या धमन्या मात्र जेमतेम ३-४ मिमीच्या. ६ मिमीच्या आतली कृत्रिम नळी रक्त गोठून तुंबते, ठिबकच्या ड्रिपरसारखी. आणि इथे फ्लश मारायची सोय नाही.

आता प्रयोगशाळेत विरघळणाऱ्या जाळीवर माणसाच्या पेशी वाढवून नळी करतात, मग पेशी धुऊन काढतात, म्हणजे शरीराने ती परकी समजू नये. अशी एक नळी अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये मंजूर झाली, पण हातापायाच्या जखमी धमन्यांसाठी.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते असू दे. छाटणीला मळ्यात कधी सोडतील, ते विचार."