केस संपली, पण पुढच्या टेबलाला कुणी सांगितलंच नव्हतं

माझ्या पर्समध्ये एक निळं प्लास्टिकचं फोल्डर असतं. आत धाकट्या भावाच्या केसची हायकोर्टाची ऑर्डर आणि तिच्या सहा झेरॉक्स. सहा का, तर पाच घेऊन गेलं की नेमकं सहाव्या टेबलावर मागतात. हायकोर्टाने रद्द केलेल्या केसची नोंद खालच्या कोर्टात आणि पोलिसांत कशी बदलून घेतली ते एकदा नीट लिही, असं ऑफिसमधल्या दोघीतिघींनी म्हटलं, म्हणून लिहितेय. मी वकील नाही, बँकेत क्लार्क आहे, पण या प्रकरणात चपला झिजवल्यात त्या हिशोबाने थोडं बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं.

तर झालं असं की २०१८ मध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी यायचं सकाळी सव्वापाच ते साडेसहा, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी लाईनीला मोटर लावली की आमचा नळ नुसता फुसफुस हवा सोडायचा. एक दिवस आई रिकामी बादली घेऊन बसलेली बघून बाळूचं (घरचं नाव, खरं सांगणार नाही) डोकं फिरलं, दोन मित्रांना घेऊन वर गेला, दारात शिवीगाळ, धक्काबुक्की, काका चौकटीवर आपटले. दुपारी एफआयआर. तेव्हाच्या आयपीसीची, म्हणजे भारतीय दंड संहितेची, कलमं ४५२, ३२३, ५०४, ५०६ आणि ३४. बाकीची ठीक आहेत हो, पण हे ४५२ म्हणजे मारहाणीच्या तयारीने घरात घुसणं, आणि ते अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने नाही, कोर्टाने दिला तरच. बाळू उंबरठ्याच्या आत एक पाऊल गेला होता, त्या एका पावलाचं ४५२. रात्र लॉकअपमध्ये, बोटांचे ठसे, फोटो, दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेट कोर्ट, जामीन. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

पुढची चार वर्षं नुसत्या तारखा. तोपर्यंत पाण्याचा प्रश्न सुटला, काकांच्या मुलीच्या लग्नात बाळूच पंगतीत वाढत होता, आणि काकाच एक दिवस म्हणाले, मिटवून टाकू या. पण ४५२ आपसात मिटवता येत नाही, खालच्या कोर्टाला तो अधिकारच नाही. त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं, तेव्हा सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४८२ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला त्यात तेच कलम ५२८ झालंय. खाजगी भांडण असेल, गुन्हा फार गंभीर नसेल आणि दोन्ही बाजू राजी असतील तर हायकोर्ट एफआयआर रद्द करू शकतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या ग्यान सिंग केसमध्ये स्पष्ट केलंय. काका इस्त्रीचा शर्ट घालून फोर्टला हायकोर्टात आले. जज साहेबांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? काका म्हणाले, "नाही साहेब, पाणी आता दोन तास येतं." आमच्या वकील मॅडमनी कपाळाला हात लावला. एका संस्थेला दहा हजार भरायला सांगितले आणि एफआयआर, चार्जशीट सगळं क्वॅश, म्हणजे रद्द. चर्चगेटला पोचून आईला फोन केला, घरी पेढे आले, विषय संपला.

संपला नव्हता.

२०२४ मध्ये बाळूला सहारला एअरपोर्टवर ग्राउंड हँडलिंगमध्ये नोकरी लागली. तिथे आत शिरायचं तर सिक्युरिटीचा पास लागतो आणि त्याआधी पोलीस व्हेरिफिकेशन. रिपोर्ट गेला, गुन्हा दाखल, प्रकरण न्यायप्रविष्ट. अहो न्यायप्रविष्ट काय, दोन वर्षांपूर्वी हायकोर्टाने रद्द केलंय! एचआरची मुलगी चांगली होती, म्हणाली ताई तीन आठवडे थांबू शकते, त्यापेक्षा जास्त नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं. प्रत्येक केसला सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो जुन्या कागदावर सापडला, टाकला, आणि समोर आलं: केस पेंडिंग, पुढची तारीख अमुक, स्टेज वॉरंट. माझ्या हातापायातलं बळच गेलं. हायकोर्टाने रद्द केलेल्या केसमध्ये खालच्या कोर्टाने हजर राहत नाही म्हणून माझ्या भावावर वॉरंट काढलेलं!

मग कळलं की आम्ही घरी बसून जी गोष्ट गृहीत धरली होती तीच चुकीची होती. आम्हाला वाटलेलं हायकोर्टाने सांगितलं म्हणजे खाली सगळीकडे आपोआप कळतं. तसं नाही. तीन वेगळ्या वह्या आहेत असं समजा. एक मॅजिस्ट्रेट कोर्टाची, दुसरी पोलीस स्टेशनची, तिसरी सीसीटीएनएस म्हणजे देशभरातली पोलीस स्टेशनं जोडणारी कॉम्प्युटर सिस्टीम, व्हेरिफिकेशनला कॉम्प्युटरवर दिसतं ते हेच. पहिल्या वहीत काय झालं ते दुसरीला कुणीतरी कागद नेऊन दिल्याशिवाय कळेलच असं नाही. आणि तो कुणीतरी म्हणजे तुम्ही. कागदोपत्री हे काम दुसऱ्याचं असेलही, पण नोकरी तुमची जाणार आहे ना, त्याची नाही.

सुरुवात खालच्या कोर्टापासून केली. वकील मॅडम आधी मलाच ओरडल्या, ऑर्डर झाल्यावर पुढच्या तारखेला का आला नाहीत, मी सांगितलं नव्हतं का. सांगितलंही असेल, पेढ्यांच्या गडबडीत कोण ऐकतंय. मग एक पुरशिस दिली, म्हणजे कोर्टाला एखादी गोष्ट लेखी कळवायचा कागद, सोबत ऑर्डरची ऑथेंटिकेटेड कॉपी आणि वॉरंट रद्द करायचा अर्ज. वेबसाईटवरून काढलेली प्रिंट शिरस्तेदारांनी बघितलीच नाही, शिक्क्याची कॉपीच लागते. बाळूला स्वतः उभं केलं. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी अकरा ते साडेचार बाकावर. वॉरंट रद्द, केस निकाली, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, तसं लिहिलं. त्या रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा, नंतर मागू म्हटलं की फाईल रेकॉर्ड रूमला जाते आणि मग ती शोधायची म्हणजे समुद्रात सुई.

दुसरा मुक्काम पोलीस स्टेशन. कुठलं ते लिहीत नाही, उगाच कशाला. तीन खेपा फुकट गेल्या, एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा क्राईमचं काम बघणारे हवालदार रजेवर, एकदा नेटच नाही. चौथ्या खेपेला हवालदार भेटले, रिटायरमेंटला आलेले, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. अर्ज वाचला, म्हणाले, "मॅडम, हायकोर्टाची ऑर्डर आमच्याकडे आलीच नाही." मी फोल्डर उघडून झेरॉक्स क्रमांक तीन दिली. त्यांनी कपाटातून २०१८ चं रजिस्टर काढलं, जाडजूड, पाठीला खाकी चिकटपट्टी, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. बाळूचं नाव होतं. पूर्ण नाव, वय, धंदा, पत्ता, आणि शेवटच्या रकान्यात "न्यायप्रविष्ट". त्यांनी खिशातून लाल रिफिलचं पेन काढलं, ते चालेना, कागदावर गोल गोल फिरवलं, मग मीच पर्समधलं दिलं. माझ्या पेनाने त्यांनी लिहिलं, मा. उच्च न्यायालय मुंबई यांचे आदेशान्वये गुन्हा रद्द, खाली ऑर्डरची तारीख. दीड ओळ. त्या दीड ओळीसाठी दोन वर्षं.

मी विचारलं, नाव खोडता येणार नाही का? हवालदार हसले. "ताई, रजिस्टरमध्ये खाडाखोड केली तर माझी इन्क्वायरी लागेल."

आणि हे मला तिथे उभ्या उभ्या पटलं. आपल्याकडे नाव पुसत नाहीत, नावापुढचा रकाना भरतात. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, ती फोनवर म्हणत होती इकडे केस डिसमिस झाली की एक्स्पंज करून, म्हणजे रेकॉर्डवरून पुसून मिळतं, तू तसाच अर्ज कर. तिकडे तसा कायदा आहे, इकडे तसा सरसकट कायदाच नाही. मी पहिले आठ दिवस रेकॉर्डवरून नाव काढा, नाव काढा असाच धोशा लावला होता, त्यामुळे प्रत्येक जण नाही म्हणत होता. ज्या दिवशी "सद्यस्थिती अद्ययावत करून मिळावी" असा अर्ज केला, त्या दिवसापासून कामं हलायला लागली. शब्द बदलला फक्त.

अर्जात सीआर नंबर (पोलिसांचा गुन्हा नोंदणी क्रमांक), वर्ष, कोर्टाचा केस नंबर, ऑर्डरची तारीख आणि रजिस्टरबरोबर सीसीटीएनएसमध्येही नोंद करावी हे वेगळं लिहा. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घ्या. तोंडी "करतो ना मॅडम" याला काही किंमत नाही. मी पंधरा दिवसांनी त्याच आवक नंबरवर आरटीआय टाकायची तयारी केली होती, दहा रुपयांचं काम आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण त्याआधीच सिस्टीममध्ये बदल झाला. नवीन रिपोर्ट गेला, पास आला. एचआरच्या मुलीने तिच्या तीन आठवड्यांचे पाच केले होते, तिचं भलं होवो.

सगळ्यांची केस क्वॅशच होते असं नाही. कुणाचा डिस्चार्ज होतो, म्हणजे कोर्ट खटल्याआधीच सोडतं, कुणी ट्रायल होऊन निर्दोष सुटतं, कुणाच्या बाबतीत पोलीसच समरी, म्हणजे तपास बंद करायचा रिपोर्ट, कोर्टाला पाठवतात. आपल्या महाराष्ट्रात ए, बी, सी समरी म्हणतात ना तेच: ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी म्हणजे तक्रारच मुद्दाम खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी भांडण. ऑफिसातल्या एकीच्या नवऱ्याला पोलिसांनी सांगितलं तुमची बी समरी केलीये, जा, आणि तो निवांत. पण मॅजिस्ट्रेटने समरी मंजूर केल्याची ऑर्डर नसेल तर ते काहीच नाही, तक्रारदार विरोध करू शकतो, कोर्ट पुन्हा तपास सांगू शकतं. म्हणून तुमच्या शेवटाचा जो काही कागद असेल तो कोर्टाच्या शिक्क्याचा हवा.

आता फॉर्मचं. यावर आमच्या घरात चिक्कार भांडणं झाली. बाळूचं म्हणणं, केसच रद्द झाली तर "कधी अटक झाली आहे का" या प्रश्नाला नाही लिहायचं. अजिबात नाही! प्रश्न काय आहे तो नीट वाचायचा. केस पेंडिंग आहे का विचारलं असेल तर नाही हेच खरं उत्तर. पण कधी अटक झाली का, कधी गुन्हा दाखल झाला का असं विचारलं असेल तर हो लिहायचं आणि पुढे हायकोर्टाने रद्द केल्याचं लिहून ऑर्डर जोडायची. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग केसमध्ये नोकरीच्या व्हेरिफिकेशनबद्दल हेच सांगितलंय, माहिती खरी द्यावी लागते. खरं सांगूनही मालकाला पूर्वीचं प्रकरण विचारात घ्यायचा अधिकार राहतो, ही त्यातली कडू गोळी. पण लपवलेलं सापडलं तर केस किरकोळ असली तरी लपवलं या कारणावरून नोकरी जाऊ शकते. पासपोर्टलाही प्रश्न पेंडिंग केसचा असतो, कोर्टात केस चालू असेल तर अडतं आणि त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते, म्हणून तिथेही आधी खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड साफ पाहिजे.

इंटरनेटचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ई-कोर्ट्सवर बाळूचं नाव टाकलं की केस अजून दिसते, फक्त आता निकाली दिसते. दिल्ली हायकोर्टाने २०२१ मध्ये एका भारतीय वंशाच्या अमेरिकन माणसाला दिलासा दिला होता, इथे ड्रग्जच्या केसमध्ये निर्दोष सुटलेला, पण नाव सर्च केलं की निकाल वर यायचा आणि तिकडे नोकरी मिळेना, तर तो निकाल सर्चमधून काढा असा अंतरिम आदेश झाला. मद्रास हायकोर्टानेही २०२४ मध्ये एका निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव निकालातून झाकायला सांगितलं, त्याला त्याच वर्षी जुलैत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. वकील मॅडम म्हणाल्या तो मोठा प्रश्न सुटेपर्यंत यावर पैसे घालू नका. ऐकलं.

एक गोष्ट मात्र मी सोडलेली नाही, बोटांचे ठसे. अटक झाली तेव्हा १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा लागू होता. त्यात कलम ७ आहे, पूर्वी मोठी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस खटल्याशिवाय, डिस्चार्ज होऊन किंवा निर्दोष सुटला तर मापं (यात बोटांचे ठसेही आले) आणि फोटो, अगदी निगेटिव्हसकट, नष्ट करायचे किंवा त्याच्या हातात द्यायचे, कोर्टाने वेगळं काही सांगितलं नसेल तर. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी लिहिलंय हे! ऑगस्ट २०२२ पासून त्याजागी नवीन कायदा आलाय, त्यात रेकॉर्ड पंचाहत्तर वर्षं ठेवायची मुभा आहे, पण सुटलेल्या माणसाचं रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद त्यातही आहे, सगळी अपिलं वगैरे संपल्यावर. क्वॅश झालेली केस यात बसते का यावर वाद होऊ शकतो म्हणे, मॅडमच्या मते बसते.

तर तो अर्ज टाकलाय. हवालदार रिटायर झाले, त्यांच्या जागी एक तरुण पोरगा आलाय, त्याने अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला मॅडम, असा अर्ज मी पहिल्यांदाच बघतोय. मी म्हटलं मीपण पहिल्यांदाच लिहिलाय. त्याने आवकचा शिक्का मारला, नंबर घातला. झेरॉक्स क्रमांक सहा त्याला दिली. येताना स्टेशनबाहेर पुन्हा सहा काढून घेतल्या.