काका, पाय!

सात-आठ वर्षांपूर्वी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी पहिल्यांदा समुद्राच्या तळाशी उतरलो. उतरलो कसला, एका मुलाने मागून टाकी धरून मला खाली नेलं. दुसरा कॅमेरा घेऊन समोर. हातात पावाचा तुकडा कोंबला, पट्ट्यापट्ट्यांचे मासे तुटून पडले, फोटो निघाला. उभं राहायची खूण झाली, मी उभा राहिलो. पायाखाली काय होतं ते बघायचं सुचलंही नाही. तो फोटो कितीतरी दिवस माझा डीपी होता.

गेल्या फेब्रुवारीत अंदमानच्या स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, रीतसर ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, करायला गेलो. चार समुद्री डाइव्ह, जास्तीत जास्त अठरा मीटर. प्रशिक्षक डोंबिवलीची मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. पहिल्या दिवसापासून मला काकाच म्हणायला लागली.

200 मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं यात पुण्याच्या टिळक टँकवर वाढलेल्या माणसाला काही वाटलं नाही. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर काढताना दोनदा ठसका लागला, तिसऱ्यांदा जमलं. वर्गात तिने सांगितलं की वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच अनुसूचीत आहे, पहिल्या. वाघावर आपण पाय देत नाही, एवढंच बोलून ती पुढच्या स्लाइडवर गेली.

गाडं अडलं ते अधांतरी थांबण्यापाशी. पाण्यात ना वर ना खाली, एका जागी, हात न हलवता. श्वास आत घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली येतं, पण लगेच नाही, दोन-तीन सेकंदांनी. तेवढा धीर माझ्यात कुठला! मी घाबरून अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा भरायचो, फुग्यासारखा वर निघायचो, मग घाईने हवा सोडून दाणकन वाळूवर. त्यात कमरेला सात किलो शिसं. मीच मागून घेतलं होतं, जड असलेलं बरं म्हणून. त्या वजनाने पाय खाली लोंबत आणि प्रत्येक लाथेसरशी वाळूचा ढग उठे.

दुसऱ्या डाइव्हला तिने पाटी माझ्या मास्कसमोर धरली. पेन्सिलीने चक्क देवनागरीत लिहिलेलं: ‘काका, पाय!’ मागे वळून बघतो तर माझी वाळू फांद्यांसारख्या प्रवाळावर शांतपणे बसत होती. शिवाय माझा ऑक्टोपस (म्हणजे प्राणी नव्हे, जोडीदाराला हवा द्यायची जादाची पिवळी नळी) खडकावरून घासत चालला होता. बोटीवर तिने समजावलं, ते सगळे बारीक बारीक जिवंत जीव असतात, वाळूखाली गुदमरतात. मी एकाही गोष्टीला हात लावला नव्हता. हात छातीशी बांधून अगदी शहाण्यासारखा चाललो होतो, आणि मागे ही नासधूस.

त्या संध्याकाळी उथळ पाण्यात तिने एकेक किलो काढत मला पाचावर आणलं. ऑक्टोपस जॅकेटला अडकवला. गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारायला शिकवलं. तासाभराने केव्हातरी मी मिनिटभर लटकून राहिलो. शेजारून एक इवलासा मासा माझी दखलही न घेता निघून गेला.

तिसऱ्या डाइव्हला कासव दिसलं आणि माझं सगळं शिक्षण वाहून गेलं. सरळ त्याच्या मागे सुटलो, तेही वरून. त्याने एक हात मारला, संपलं. हवा भरपूर उरली असूनही उरलेला वेळ मी चोरासारखा फिरलो. “काका, त्याला श्वासाला वर जावं लागतं. तुम्ही त्याच्या वाटेवरच होतात,” ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

चौथ्या डाइव्हला पुन्हा एक दिसलं, खडकाला तोंड लावून काहीतरी ओरबाडत होतं. तिने तळहात दाखवला, थांब. आम्ही बाजूला, चार-पाच मीटरवर थांबलो. त्याच्या तोंडून सुटलेले तुकडे टिपायला दोन मासे घुटमळत होते. पाव कुणीच आणला नव्हता. मी श्वास मोजत होतो. घ्या, थांबू नका, सोडा. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली आणि आमच्या शेजारून, अगदी सावकाश, उजेडाकडे निघून गेलं. माझ्या टाकीतल्या हवेचा दाब काट्यावर पन्नास बारवर आला होता, मग आम्हीही निघालो.

लॉगबुकात तिने सही केली. वजनाच्या रकान्यात ‘5’, शेऱ्यात ‘पाय बरे’.