२८ हजारांचा डबा

शेजारच्या काकूंचा मुलगा कॅनडाला चाललाय. त्याने स्वतः जुळवलेला पीसी २८ हजारांना विकायला काढलाय: आय-७ ७७०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, गेमसाठी जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या वाड्यात काचेच्या कॅबिनेटमधले रंगीत दिवे पाहून आमचे चिरंजीव तिथेच विरघळले. मी झाकण उघडायला लावलं. पंख्यांवर धुळीचा थर, तो पुसता येतो हो. पण पॉवर सप्लायवर कंपनीचं नावही धड दिसेना. असला सप्लाय जाताना कधीकधी मदरबोर्डालाही घेऊन जातो. हार्ड डिस्क २१ हजार तास चाललेली.

खरी मेख प्रोसेसरमध्ये. आय-७ म्हटलं की छाती फुगते, पण हा २०१७चा, चार कोरचा. विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवावा, तर सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती खोबण, दिसायला तोच, पण या बोर्डावर तो चालत नाही.

काकू भाकरवडी पुढे करत म्हणाल्या, "घरचाच आहे, बघायचं काय त्यात!" आता आली का पंचाईत?

मी काकूंच्या मुलाला म्हटलं, अर्धा तास गेम चालवून दाखव, मग १४ हजार. डिस्क तुझी तुलाच. "विचार करतो," म्हणाला. चिरंजीव कालपासून माझ्याशी बोलत नाहीत.