मुलीशी रोज काय खेळता?

"मुलीशी तुम्ही रोज खेळता म्हणे. काय खेळता? एवढं सुचतं कसं?" महिन्यातून एक-दोनदा तरी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. (तिच्या आईला कुणी विचारत नाही. ती खेळली तर ते तिचं कामच, मी खेळलो की कौतुक. असो.) विचारणाऱ्याला बहुतेक वेळा यादी हवी असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, माझ्याकडेही यादी होती आणि तिनेच मला तोंडावर पाडलं.

मुलगी तेव्हा नुकतीच चार वर्षांची झाली होती. जाँ पियाजे (१८९६–१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोग मी वाचला होता. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं, मुलाकडून "सारखंच आहे" असं वदवून घ्यायचं, मग एकातलं पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, आता कशात जास्त? चार-पाच वर्षांची मुलं सहसा उंच ग्लास दाखवतात. नुसतं ओतल्याने पाणी वाढत नाही, हे साधारण सातव्या वर्षाच्या सुमाराला उमजू लागतं.

आमच्या बाईंनीही उंच ग्लास दाखवला. मी पाणी परत ओतलं. "आता?" "सारखं." पुन्हा उंच ग्लासात. "आणि आता?" "ह्यात जास्त." तिसऱ्या खेपेला माझा आवाज चढला असावा, कारण तिने ग्लासांकडे बघणंच सोडलं. माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुला कुठला हवाय?"

मी खेळ म्हणून जे मांडलं होतं, त्याची कधीच परीक्षा झाली होती आणि ती आता परीक्षकाला खूश करायच्या मागे होती. पियाजेला मूल विचार कसं करतं ते बघायचं होतं. मी मात्र तीन वर्षांनी कळायची गोष्ट त्याच संध्याकाळी तिच्या गळी उतरवायला निघालो होतो.

त्यानंतर यादी गेली, पाणी राहिलं. बाथरूममध्ये एक टब, दोन मग, एक नरसाळं आणि एक स्पंज. मांडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. ज्या खेळाच्या तयारीला माझा अर्धा तास जातो, त्यात ती रमली नाही की मला राग येतो, हे मला स्वतःबद्दल कळलेलं आहे. म्हणून तसे खेळ मी मांडतच नाही.

पहिल्या दिवशी तिने नरसाळ्याच्या टोकाला बोट लावलं, वरून काठोकाठ पाणी भरलं आणि बोट काढलं. पाणी गोल गोल फिरत खाली गेलं आणि शेवटी 'गुर्र' असा आवाज आला. ती दचकली, मग हसली, मग पुन्हा बोट लावलं. वीसेक वेळा तरी हेच. "बघ, भोवरा झाला!" असं म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. कशीबशी आवरली. तिसऱ्या दिवशी तिनेच मला समजावून सांगितलं, "बाबा, पाण्याला चक्कर येते ना, म्हणून ते पडतं." मी आधीच 'भोवरा' म्हणून मोकळा झालो असतो तर हे वाक्य मला ऐकायला मिळालं नसतं.

मात्र एका बाबतीत मी अजिबात ढिलाई करत नाही. ती पाण्याशी असताना मी हाताच्या अंतरावर असतो आणि फोन बाहेर. लहान मूल बुडायला काही सेंटिमीटर पाणीही पुरतं आणि बुडताना आवाज होईलच असं नाही. खेळ संपला की टब लगेच रिकामा.

दुसरा खेळ टॉर्चचा. खोलीत अंधार, समोर कोरी भिंत. हात टॉर्चजवळ नेला की पसरत जाणाऱ्या उजेडाचा जास्त भाग अडतो, म्हणून सावली मोठी होते. हे मला ठाऊक होतं. तिला मात्र वाटत होतं, मोठी सावली हवी तर भिंतीजवळ जायला हवं. ती पुढे पुढे जात राहिली, सावली लहान लहान होत राहिली. शेवटी वैतागून परत यायला लागली, तेव्हा भिंतीवर तिच्यामागे राक्षसाएवढी ती! त्या रात्री टॉर्चचे सेल संपेपर्यंत आमच्याकडे राक्षस येत-जात होते. टॉर्च घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते मात्र बघा. बटणासारखे चपटे सेल असतील तर फारच जपा. तसा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर इजा होऊ शकते. शंका जरी आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

खेळणी कोणती घ्यावीत, हेही विचारतात. माझं मत, आहेत त्यातली निम्मी आत ठेवा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं एकदा ४ खेळण्यांसोबत आणि एकदा १६ खेळण्यांसोबत खेळली. चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरून बघत होती. ३६ मुलं म्हणजे काही फार नव्हेत, पण आमच्या घरात तरी हे पटतं. आत गेलेलं खेळणं महिन्याने बाहेर काढलं की नवं होतं.

काही दिवस काहीच जमत नाही. ती किरकिर करते, मी दमलेला असतो. मग आम्ही नुसते पडून राहतो.

"वेळ कुठून काढता?" याचं उत्तर सोपं आहे, वेगळा काढत नाही. कपड्यांच्या घड्या मला घालायच्याच असतात, तेव्हा मोज्यांचा ढीग तिच्या वाट्याला. सुरुवातीला मी रंग बघून जोड्या लावायला सांगायचो. तिला ते पटलं नाही. ती एक मोठा मोजा घेते, एक लहान घेते आणि लहानाला मोठ्याच्या पोटात घालते. आई आणि बाळ. दोन मोठे एकत्र आले तर ते मित्र आणि मित्रांचे रंग वेगळेच असायला हवेत, नाहीतर ते एकमेकांना ओळखणार कसे? एक करडा मोजा मात्र ती दर वेळी बाजूला ठेवते. त्याला म्हणे आज कुणाशी बोलायचं नाहीये.

मी त्या जोड्या सोडत नाही. गेल्या आठवड्यात ऑफिसच्या मीटिंगला मी एका पायात निळा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून बसलो होतो. बूट काढायची वेळ आली नाही.