आमची वाटचाल : रंध्यापासून मॉइश्चर मीटरपर्यंत

रत्नागिरी परिसरातली आमची कार्यशाळा. सुरुवातीची कामं म्हणजे चौकटी, दारं आणि देवघरं. हत्यारं रंधा, पटाशी, करवत, गुण्या. सागवान वापरलं की काम पक्कं, असाच तेव्हाचा हिशेब. आता माल उतरला की आधी लाकडातली ओल मोजणारा मॉइश्चर मीटर टोचतो आणि १२ टक्क्यांच्या वर आकडा आला तर लाकूड पट्ट्या लावून हवेशीर रचून ठेवतो. जात कितीही उत्तम असली तरी ओलं लाकूड वाकतं आणि त्याचे जोड उघडतात.

कोकणात पावसाळ्यात घरातल्या लाकडाची आर्द्रता १५-१६ टक्क्यांपर्यंत चढते. तेच फर्निचर पुण्याला गेलं की एप्रिलमध्ये ७-८ वर उतरतं. तीन फूट रुंद सागवानी टेबलाचा टॉप, आर्द्रता चार टक्के बदलली की, रुंदीत साधारण चार ते सहा मिलिमीटर कमी-जास्त होतो. लांबीत जवळजवळ काहीच नाही. हे मोजून पाहायला लागल्यापासून आमची जोडणीच बदलली. टॉप सांगाड्याला मधोमध पक्का, कडेच्या स्क्रूंना मात्र लांबट भोकं. पॅनेलच्या दारात पॅनेल खाचेत कोरडंच बसतं, दोन्ही बाजूंना २-३ मिलिमीटर मोकळे. तिथे सरस भरला तर उन्हाळ्यात पॅनेल मधोमध चिरतं. पॅनेलला पॉलिशही जोडण्याआधीच करतो, नाहीतर ते आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पांढरी रेघ दिसू लागते.

फ्लॅटमधली कामं वाढली तसं प्लायवूड आलं. कपाटाच्या खोक्याला १८ मिलिमीटर, खणांना १२, पाठीला ६. सिंकखाली आयएस ७१० या भारतीय मानकाचं, पाण्यात टिकणारं मरीन प्लायच. पण मरीन प्लायही कडेनं पाणी पितं; पाइपसाठी पाडलेलं भोक आणि कापलेली प्रत्येक कड सील करावी लागते. बहुतेक सिंकखालची खोकी याच एका दुर्लक्षामुळे फुगतात.

सर्वात जास्त तक्रारी मात्र वाकलेल्या दारांच्या. बाहेरून १ मिलिमीटरचं लॅमिनेट लावायचं आणि आतून पैसे वाचवायला नुसता रंग मारायचा, ही पद्धत आम्ही पूर्ण सोडली. दोन्ही बाजूंना ओल सारखी शिरली नाही की दार धनुष्यासारखं वाकतं. आतून निदान ०.८ मिलिमीटरचं लॅमिनेट हवंच. सात फुटी दाराला बिजागऱ्या चार, तीन नव्हेत. आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे बोटभर हवा खेळती ठेवतो.

भुंग्याचं कारण बहुधा गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड असतं. त्यात स्टार्च असतो, तोच किड्यांचं अन्न. सागवान म्हणून घेतलेल्या फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसला तर तो भाग आम्ही कापून टाकतो. गिऱ्हाइकाला वजावट खुपते, पण पिठासारखा भुसा पडायला लागल्यावर औषधं टोचत बसण्यापेक्षा हे बरं.

जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच पॉलिशचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या पॉलिशचं, काम आम्ही घेत नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लाखेचा थर दुधाळ होतो. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चढवायचं तर १८०, २२० आणि ३२० नंबरच्या कागदांनी क्रमानं घासायचं. मधला कागद गाळला की आडवे ओरखडे रंग शिरल्यावरच दिसतात, आणि मग सगळं खरवडून पुन्हा सुरुवात!

हल्ली पाडलेल्या घरांच्या तुळयांमधून निघणाऱ्या जुन्या सागवानाला मागणी आहे आणि ते काम आमच्या जिवाभावाचं. वर्षानुवर्षं सुकलेलं असल्यानं ते फार कमी हलतं. पण फाडण्याआधी चुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढावा लागतो. एक राहिला तरी रंध्याच्या पात्याला खाच पडते. खिळ्यांची भोकं आणि कुजलेली टोकं वगळून किती हाती लागेल, ते धरूनच दर ठरवतो.

मोजणी घनफुटात : फूट लांबी गुणिले इंच रुंदी गुणिले इंच जाडी, भागिले १४४. ७ फूट, ८ इंच, दीड इंचाची फळी म्हणजे ०.५८ घनफूट. माप रंधा मारण्याआधीचं की नंतरचं, हे आमच्या प्रत्येक अंदाजपत्रकावर लिहिलेलं असतं.